पुढचा भाग काढण्याआधी : मराठी बालपुस्तकांच्या प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी बालपुस्तकांचे प्रकाशक
आणि जुन्या बाललेखकांचे वारस यांस,

स. न. वि. वि.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. गेली अकरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर मुलं जमतात आणि मी त्यांना गोष्टी वाचून दाखवते. कधी सहा येतात, कधी वीस. परीक्षा तोंडावर आल्या की दोनच. निम्मी मराठी घरांतली, निम्मी गुजराती, शाळा बहुतेकांची इंग्रजी. सगळी मला 'मासी' म्हणतात, मराठी घरांतलीसुद्धा. 'मावशी म्हणा रे' असं पहिल्या वर्षी सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

पत्राला निमित्त असं. दिवाळीनंतर तुमच्यापैकी एका प्रकाशनाकडून निरोप आला. नाव घेत नाही, कारण त्यांनी निदान मला विचारलं तरी. बाकीचे विचारतही नाहीत. एका जुन्या, आमच्या पिढीने पारायणं केलेल्या अद्भुत गोष्टींच्या मालिकेचा नवा भाग निघतो आहे, त्याची दोन प्रकरणं मुलांपुढे वाचून त्यांना काय वाटतं ते कळवाल का? मी हरखले. कागद हातात पडले तेव्हा चहा गार झाला तरी उठले नाही. मग वाचून झालं आणि उठले. पहिल्याच पानावर जादूगाराचा नातू मोबाइलची बॅटरी संपली म्हणून हातपाय आपटतो. पुढे उडत्या घोड्याला लोकेशन पाठवतात. आरशातली राक्षसीण सेल्फी काढते.

तरीही शनिवारी मी ते इमानदारीने वाचलं. लोकेशनच्या वाक्याला मुलं हसली. राक्षसिणीच्या वेळेपर्यंत दोघं ओसरीच्या खांबाभोवती शिवाशिवी खेळायला लागले होते. शेवटी एकीने विचारलं, "मासी, हा घोडा आधी कोणाचा होता?" मला उत्तर ठाऊक होतं, पण माझ्याकडची प्रत पन्नास वर्षांची, पानं हात लावला की तुटतात. म्हणून मी त्या प्रकाशकांना लिहिलं की मूळ पुस्तकाच्या पंचवीस प्रती हव्या आहेत, पैसे आधी पाठवते. उत्तर आलं: मूळ पुस्तक उपलब्ध नाही, पुन्हा छापायचा विचार नाही, आजच्या मुलांना ती भाषा झेपत नाही.

म्हणजे पुढचा भाग आहे, आणि आधीचा नाही.

आमच्याकडे सेवउसळ मिळते. तुमच्यापैकी कुणी बडोद्याला आलं असेल तर खाल्ली असेल. उसळ आपली, सेव गुजराथेतली, तर्री वेगळ्या वाटीत. आता कुणी उसळ संपली म्हणून नुसती सेव बशीत घालून समोर ठेवली आणि वर म्हणाला की ही नव्या पिढीची सेवउसळ, तर रावपुऱ्यात त्याची गाडी दुसऱ्या दिवशी लागणार नाही.

गैरसमज नको. जुन्या मालिका पुढे नेण्याला माझा विरोध नाही. उलट, आपण सगळे जिच्यावर पोसलो ती गोष्ट तशीच पुढे नेलेली होती. 'चांदोबा' हे मुलांचं मासिक मराठीत १९५२ साली सुरू झालं. मद्रासहून निघणाऱ्या, १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या 'चंदामामा'चं ते मराठी रूप. त्यातला वेताळ आठवतो ना? शंकर यांचं ते चित्र: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, विक्रम राजा स्मशानातून चालला आहे. दर महिन्याला वेताळ एक गोष्ट सांगायचा, शेवटी पेच टाकायचा, राजा उत्तर द्यायचा, त्याचं मौन सुटायचं आणि वेताळ प्रेतासकट परत झाडावर. संस्कृतात या गोष्टी पंचवीस. चांदोबाने किती सांगितल्या ते मोजायच्या फंदात मी पडत नाही. दर महिन्याला एक, आणि तेही कित्येक दशकं, हिशेब तुम्हीच करा. बाकीच्या गोष्टी नव्या, पण साचा जुना. कुणी तक्रार केली नाही. मीही केली नाही. अंक बंद झाले तेव्हा मात्र पोस्टमनला दोन महिने विचारत होते.

माझ्या ओसरीवर या वेताळाची एक वेगळीच तऱ्हा झाली आहे. उत्तरायणाच्या आसपास मी त्या गोष्टी वाचायला काढल्या. (आम्ही बडोद्याची माणसं पतंग उडवत नाही, चगवतो; पुण्याच्या पाहुण्यांनी यावर हसून घ्यावं.) राजाने तोंड उघडलं रे उघडलं की सगळी पोरं एका दमात ओरडतात, "काप्यो!" वेताळ कापलेल्या पतंगासारखा गटांगळ्या खात जातो आणि झाडात अडकतो. आता मी राजाचं उत्तर वाचायच्या आधी थांबते, म्हणजे त्यांना श्वास भरून घेता येतो.

पण चांदोबाने एक गोष्ट मुकाट्याने बाजूला ठेवली होती, आणि ती मला फार उशिरा, पोक्त वयात कळली. अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, दुर्गाबाई भागवतांनी तो मराठीत आणला, त्यात वेताळाच्या गोष्टींना शेवट आहे. राजाचं नाव तिथे त्रिविक्रमसेन. तेवीस वेळा तो उत्तर देतो. चोविसाव्या प्रश्नाला त्याला उत्तर सुचत नाही आणि तो गप्प चालत राहतो. त्या गप्प बसण्यावर वेताळ खूश होतो आणि खरं काय ते सांगून टाकतो: ज्या क्षांतिशील नावाच्या भिक्षूसाठी तू हे प्रेत वाहतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे, तो साष्टांग नमस्कार घाल म्हणाला की 'कसा घालायचा ते तू दाखव' म्हण. राजा तसंच करतो आणि वाचतो. वेताळ वर माग म्हणतो तेव्हा राजा मागतो की या चोवीस गोष्टी आणि त्यांचा हा शेवट, ही पंचविसावी, जगात प्रसिद्ध होवोत.

बघा, शेवट हीच पंचविसावी गोष्ट. चांदोबाला ती परवडणारी नव्हती. राजा एकदा गप्प बसला असता तर पुढच्या महिन्याचा अंक कसा निघणार? म्हणून आमच्या लहानपणीचा विक्रम दर महिन्याला बोलत राहिला आणि दर महिन्याला त्याला परत झाडाकडे जावं लागलं. मासिकाची ती गरज होती. तुमची पुस्तकं मासिकं नाहीत.

ही गरज सातासमुद्रापारही होतीच. एल. फ्रँक बाम या अमेरिकन लेखकाने १९०० साली ऑझ नावाच्या जादूच्या देशाची गोष्ट लिहिली. मुलांनी पत्रं पाठवून पाठवून पुढचे भाग लिहून घेतले. १९१० साली, सहाव्या पुस्तकात, माणूस वैतागला असावा. त्याने मंत्र घालून अख्खा ऑझ देश अदृश्य करून टाकला आणि वाचकांना कळवलं की आता तिकडून काही बातमी येणार नाही. पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. मुलांची पत्रं चालूच होती. १९१३ साली तो परतला, आणि कसा परतला ते ऐकण्यासारखं आहे. प्रस्तावनेत तो सांगतो की एका बालवाचकाने सुचवलं, देश दिसत नसला म्हणून काय झालं, बिनतारी यंत्राने बोलता येईल की! म्हणून त्याने बिनतारी यंत्र बसवलं आणि बातम्या पुन्हा सुरू झाल्या.

त्या काळात बिनतारी म्हणजे आजचा मोबाइलच. मग त्याचं मला का आवडतं आणि तुमच्या हस्तलिखितातला मोबाइल का खुपतो? कारण बामने आधी स्वतःच भिंत बांधली होती आणि यंत्राने त्या भिंतीला भोक पाडलं. यंत्राला गोष्टीत काम होतं. तुमच्या जादूगाराच्या नातवाचा मोबाइल काढून त्याच्या हातात बोरांची पिशवी दिली, तरी एकही वाक्य बदलावं लागणार नाही. मी बदलून पाहिलं.

बाम १९१९ साली वारला. प्रकाशकाचा धंदा मात्र जोरात होता. त्याने रूथ प्लमली थॉम्पसन या तरुण लेखिकेला कामाला बसवलं आणि १९२१ साली तिचं पहिलं ऑझ पुस्तक काढलं, तेही बामच्या नावावर. लिहिलं तिने, कव्हरवर तो. पुढे तिने स्वतःच्या नावाने लिहिली, आणि त्या प्रकाशकाकडे सगळी मिळून ऑझची एकोणीस पुस्तकं तिची झाली. खुद्द बामची चौदा. ऑझचं नाव घेणाऱ्या दहा जणांना तिचं नाव विचारा. एकालाही सांगता आलं तर मला कळवा.

हे मी एवढ्यासाठी लिहिते की आमच्या गावात मूळ कुठलं आणि मागाहून जोडलेलं कुठलं याचा भलताच कसून शोध झालेला आहे. इथल्या प्राच्यविद्या मंदिरातल्या पंडितांनी देशभरच्या हस्तलिखितांवरून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती केली. १९६० ते १९७५ अशी सात कांडं छापली. मूळचं म्हणून ठरलेलं वर, मागाहून शिरलेलं तळटिपांत आणि परिशिष्टांत. फेकलं काहीच नाही. ज्याची जागा जिथे, तिथे ते ठेवलं. एवढं पांडित्य मी तुमच्याकडे मागत नाही. कव्हरवर मूळ लेखकाचं नाव लहान आणि नव्याचं मोठं, किंवा नव्याचं नावच नाही, असली लबाडी करू नका, इतकंच.

आता मला जे अगदी मनापासून सांगायचं आहे तिकडे येते.

ई. नेस्बिट या इंग्रज बाईंनी १९०२ साली पाच भावंडांची गोष्ट लिहिली. त्यांना वाळूच्या खाणीत एक चिडखोर, केसाळ, शिंगांवर डोळे असलेला प्राणी सापडतो, सॅमिअड त्याचं नाव. तो रोज एक इच्छा पुरी करतो आणि सूर्य मावळला की ती विरून जाते. नंतरचे दोन भाग १९०४ आणि १९०६ मध्ये आले. तिथेच ती भावंडं थांबली, कायमची लहान.

शंभराहून जास्त वर्षांनी, २०१४ साली, केट सॉन्डर्स यांनी पुढचा भाग लिहिला. त्यांनी सेल्फी घातला नाही. एक साधा हिशेब केला. १९०२ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा १९१४ साली केवढा असेल? बावीसचा. आणि १९१४ साली बावीस वर्षांचा इंग्रज मुलगा कुठे असेल? फ्रान्समध्ये, खंदकात. गोष्ट तिथून सुरू होते. सॅमिअड परत येतो, या वेळी धाकट्या भावंडांना सापडतो, आणि थोरला सिरिल लष्करात असतो. तो परत येत नाही. सॅमिअडलाही ते टाळता येत नाही.

मी ते पुस्तक मुलांना निम्मं मराठीत, निम्मं गुजरातीत सांगत सांगत चार शनिवार पुरवलं. सिरिल गेल्यावर ओसरीवर कुणी बोललं नाही. एक जण मान खाली घालून फरशीच्या भेगेतली मुंगी बघत राहिला. मग त्याने विचारलं, "पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या बाईला हे माहीत होतं?" मी म्हटलं, नाही रे, १९०२ साली कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी तो म्हणाला, पहिलं परत वाचूया. परत वाचलं. तेच विनोद, तेच सूर्यास्त, पण आता सिरिलने काही बोललं की मुलं एकमेकांकडे बघायची.

तुम्हाला पुढचा भाग हवा आहे ना? मग असा हवा, ज्याने मूळ पुस्तक मुलं शेल्फवरून खाली काढतील. आणि त्यासाठी मूळ पुस्तक शेल्फवर असावं लागतं.

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात मी जाते तेव्हा हेच दिसतं. एनिड ब्लायटनच्या जादूच्या झाडाची जुनी पुस्तकं आहेत. पहिलं १९३९ चं. शेजारी जॅकलिन विल्सन यांनी २०२२ साली त्याच झाडावर नवी मुलं चढवून लिहिलेला भाग आहे. मुलांना दोन्ही चाळता येतात. जुन्यात प्रकाशकांनी मधल्या काळात थोडी डागडुजी केली, ती मला पुरती पटलेली नाही: मुलांना थपडा मारणाऱ्या मास्तरीणबाईंचं नाव 'स्लॅप'चं 'स्नॅप' केलं, म्हणजे आता त्या फक्त खेकसतात. माझ्या मुलांना मारणारीच आवडली असती. पण पुस्तक आहे तरी! आपल्याकडे भाषा झेपत नाही म्हणून पुस्तकच गायब.

वारसांना दोन शब्द. 'पीटर पॅन'चे हक्क जे. एम. बॅरी यांनी १९२९ साली लंडनमधल्या मुलांच्या एका इस्पितळाला देऊन टाकले. पुढचा भाग काढायचं ठरलं तेव्हा इस्पितळाने ओळखीतल्या कुणाला फोन केला नाही. लेखकांकडून आराखडा आणि नमुन्याचं एक प्रकरण मागवलं, त्यातून जेराल्डीन मकॉक्रन यांना निवडलं आणि २००६ साली पुस्तक आलं. तुम्हाला आजोबांच्या कपाटातली पुस्तकं म्हणजे वडिलोपार्जित जमीन वाटते, हे मी समजू शकते. पण बिल्डरला देताना सुद्धा आपण चार जणांकडे चौकशी करतोच की.

आणि जिथे वारसच उरले नाहीत तिथे? आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मग संपतो. नाथमाधव १९२८ साली गेले. त्यांच्या 'वीरधवल'चा पुढचा भाग उद्या कुणीही लिहावा, कुणाची परवानगी नको. लिहा. पण आधी 'वीरधवल' नीट टाइपात, चांगल्या कागदावर, चित्रांसकट छापा. भाषा झेपत नाही म्हणता, तर कठीण शब्दांचे अर्थ समासात द्या. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला फास्टर फेणे, आपला फाफे, तर साठ-सत्तर वर्षांचा म्हातारा व्हायचा, पण २०१७ च्या सिनेमात त्याला कॉलेजच्या वयाचा करून पुण्यात उतरवलं आणि खुद्द भागवतांनाच गोष्टीतलं एक पात्र केलं, ते मला गंमतीचं वाटलं. ती साहसकथा, अद्भुत नव्हे, हे मान्य. मुद्दा असा की तो बघून आलेल्या एका मुलाने माझ्याकडे मूळ पुस्तकं मागितली आणि मला ती देता आली.

मी स्वतः वाचायला शिकले ती मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणून उभं केलेलं. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. लहानपणी मी खालच्या मजल्यावर पुस्तक घेऊन बसायचे आणि वर कुणी चाललं की त्यांच्या पावलांच्या सावल्या माझ्या पानावरून जायच्या. त्यांचे जोडे दिसायचे नाहीत, नुसतं काळसर काही सरकायचं. त्या वेळी मला ते वरच्या मजल्यावर राहणारं भूत वाटायचं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गेलं असतं.

आता परवाच्या शनिवारचं सांगते आणि संपवते.

मुलांनी वेताळाचा पिच्छाच पुरवला. एक सात वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेले. ती म्हणाली, "मासी, हा राजा एकदा तरी गप्प का बसत नाही?" मग मी ठरवलं, सांगून टाकावं. चोविसावी गोष्ट सांगितली. एक राणी आणि तिची मुलगी जंगलात पळून जातात. वाटेत त्यांच्या पावलांचे ठसे एका राजाला आणि त्याच्या मुलाला दिसतात, एक जोडी मोठी, एक लहान. बापलेक ठरवतात की मोठ्या पावलांची ती बापाने करायची आणि लहान पावलांची मुलाने. गाठल्यावर कळतं की मोठी पावलं मुलीची आहेत! पण शब्द दिलेला. बापाचं लग्न मुलीशी, मुलाचं लग्न आईशी. दोघींना मुलगे होतात. वेताळ विचारतो, राजा, सांग, ते मुलगे एकमेकांचे कोण?

"आणि राजा," मी म्हटलं, "गप्प चालत राहिला."

मी क्षांतिशीलकडे वळणार होते. पण मुलांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. एका चश्मेवाल्याने खडू घेतला आणि फरशीवर चार गोल काढले. आई, मुलगी, बाप, मुलगा. रेघा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. दात पडलेलीने त्याच्या हातून खडू ओढला. "ही ह्याच्या आईची मुलगी, म्हणजे ह्याची बहीण, मग तिचा मुलगा ह्याचा भाचा." "अरे पण त्याचा बाप ह्याच्या बापाचा बाप!" दहा मिनिटं नुसता कल्ला. शेजारच्या काकू बाहेर येऊन बघून गेल्या. मग चश्मेवाला उठून उभा राहिला आणि आपल्या गुजरातीत ओरडला, "आ एनो काको, ने ए आनो मामो!"

मी दोन बोटांवर ताडून पाहिलं. बरोबर आहे. एक दुसऱ्याचा काका, दुसरा पहिल्याचा मामा.

हजार वर्षांपूर्वी जिथे राजा गप्प बसला, तिथे हा बोलला. क्षणभर सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं की कुणीतरी उत्तर दिलं आहे, आणि वीस गळ्यांतून एकदम निघालं, "काप्यो!"

वेताळ परत झाडावर. पोरं म्हणतात, आता पुढची सांगा. माझ्याजवळ पुढची नाही. त्यांना म्हटलं, तुम्हीच लिहून आणा, आणि त्यांनी वही केली आहे, मासीने गोष्ट चोरू नये म्हणून पहिल्या पानावर सगळ्यांच्या सह्या. आत काय आहे ते मला अजून दाखवलेलं नाही.

तुमच्या त्या घोड्याचं मूळ पुस्तक कुठल्या गोदामात पडलं असेल तर पंचवीस प्रती कळवा. कडा कुरतडलेल्या असल्या तरी चालतील. टपालखर्च मी देईन.

आपली,
शनिवारची मासी
दांडिया बाजार, बडोदे